सही सरकारची, तपासणीही सरकारचीच

मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे २०१९ मध्ये सत्ताधारी भाजपचेच ज्येष्ठ नेते होते. तरीही त्या वर्षी त्यांचा फोन ६७ दिवस ऐकला गेला, अशी तक्रार मार्च २०२२ मध्ये कुलाबा पोलिस ठाण्यात तत्कालीन गुप्तवार्ता आयुक्त रश्मी शुक्ला यांच्याविरुद्ध नोंदली गेली. परवानगीच्या कागदावर नंबर खडसेंचा, नाव मात्र भलत्याचेच, असा आरोप होता. खटला चालवायला सरकारने मंजुरी नाकारली, सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला; म्हणून शुक्लांना दोषी म्हणता येत नाही. पण आरोपाने दाखवलेली फट तशीच आहे. नंबर नेमका कोणाचा, हे सही करण्यापूर्वी पडताळणारे सरकारबाहेरचे कोणीच नाही.

राज्यात फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिवांचा आणि तो तपासणारी समिती मुख्य सचिवांची. नवा दूरसंचार कायदा आला तरी ही रचना बदलली नाही. ईमेलचे कुंपण तर त्याहून ठेंगणे. फोनसाठी निदान सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षेची अट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ ला तीही लागत नाही, आणि त्यात सर्व्हरवर साठलेल्या जुन्या मेलही येतात. केंद्राची आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि दर बैठकीत तिच्यापुढे १५ ते १८ हजार आदेश असतात, हे माहिती संरक्षणावरील श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्येच नोंदवले आहे. इतके कागद कोणी वाचत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

फोन किंवा मेल उघडायला न्यायाधीशाची परवानगी हवी, असे म्हटले की दहशतवादी तोवर वाट पाहत थांबतील का, असे विचारले जाते. रास्त शंका आहे. पण तातडीच्या वेळी आधी ऐकून मागाहून मंजुरी घेण्याची सोय आजही आहे. ती मंजुरी न्यायाधीशाकडून घ्यावी, इतकेच मागणे आहे. ज्याला काही लपवायचे नाही त्याने का घाबरावे, हा दुसरा आक्षेप. धुळ्यातल्या वकिलाच्या इनबॉक्समध्ये त्याचे स्वतःचे थोडे आणि पक्षकारांचेच जास्त असते. ते उघडे करायचा हक्क त्यालाही नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. त्याच्या आधारे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीतकुमार प्रकरणात फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले. मात्र विनीतकुमार आरोपी होते, म्हणून त्यांना ते आदेश कळले. ज्याच्यावर खटलाच भरला जात नाही, त्याला कोण कळवणार? जर्मनीत फौजदारी तपासातली पाळत संपली की संबंधिताला कळवावे लागते. तपासाला धोका असेल तर ते लांबवता येते. आपल्या कायद्यात अशी तरतूदच नाही.