अंतरवालीहून अमेरिका

अंतरवाली सराटी ते न्यूयॉर्क हा प्रवास किती तासांचा असेल? नकाशा काढून बसू नका, सांगूनच टाकतो. मुंबईहून न थांबता जाणारं विमान असेल, तर सोळा तासांच्या आसपास. पण हे झालं नुसतं विमानाचं! अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं गाव. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे त्याचं नाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झालं. तिथून आधी एस.टी.नं किंवा जीपनं जालना, मग देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई, मग विमानतळावर तीन तास आधी हजर. म्हणजे विमान जमिनीवरून उठायच्या आतच एक रात्र बसून गेली. पाय तेव्हाच कुरकुरायला लागतात.

समजा, गावातली एखादी ताई शिकायला तिकडे निघाली आहे. पहिली लढाई सामानाची! आजी म्हणते, दशम्या ने, धपाटे ने, शेंगदाण्याची चटणी ने. कोरडी चटणी खुशाल न्यावी. लोणच्याची बरणी मात्र हातातल्या पिशवीत चालत नाही, कारण शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पातळ पदार्थ जवळ ठेवू देत नाहीत. ती मोठ्या बॅगेत, चार पिशव्यांत गुंडाळून. जालन्याची मोसंबी कितीही गोड असली तरी ती घरीच खाऊन निघायचं. फळांबरोबर कीड येईल म्हणून अमेरिकेत ती विमानतळावरच काढून घेतात. आणि सगळ्यात गंमत सुक्या खोबऱ्याची! त्याच्या वाट्या विमानात न्यायला मनाई आहे. खोबऱ्यात तेल भरपूर. साठवलेलं खोबरं आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं. आता ज्या खोबऱ्याशिवाय आजीचा मसाला होत नाही, ते धोक्याचं आहे हे आजीला कोण पटवणार?

बरं, विमान उडालं. कानांत दडे बसले. असं का होतं? आपल्या कानाच्या पडद्यामागे थोडी हवा असते आणि तिथून एक बारीक नळी घशाकडे जाते. विमान वर जाताना बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, उतरताना वाढतो. नळी उघडली की आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. ती उघडते गिळताना आणि जांभई देताना. म्हणून गोळी चघळायची. तान्ह्या बाळाला हे कळत नाही, म्हणून ते टाहो फोडतं. शेजारच्या सीटवर बाळ रडत असेल तर वैतागू नका, त्याचे कान दुखत असतात बिचाऱ्याचे.

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असतं. बाहेर उणे पन्नास अंश थंडी. आत हवा दाबून भरतात, पण जमिनीवर असते तेवढी नाही. साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असते तितकी विरळ. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे ताई सोळा तास कळसूबाईच्याही वर बसून आहे म्हणा ना! तिच्या पिशवीतलं चिवड्याचं पाकीट पुरीसारखं टम्म फुगतं, ते याचमुळे. ही हवा कोरडीही फार. ओठ फुटतात, नाक सुकतं. कोरडी हवा आणि इंजिनाची घरघर, दोन्हींमुळे जिभेला मीठ आणि साखर कमी लागते. विमानातलं जेवण बेचव म्हणून लोक नावं ठेवतात, पण थोडा दोष आपल्या जिभेचाही असतो. अशा वेळी आजीची चटणी बाहेर काढावी. तो वास सुटला की दोन रांगा पलीकडून कुणीतरी मराठीत विचारतंच, "तुम्ही कुठल्या?"

पाय सुजतात त्याचंही कारण साधं आहे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. बसून राहिलं की ते काम थांबतं आणि पाणी घोट्यांशी साचतं. म्हणून तासा-दोन तासांनी उठून फेरी मारावी, पाणी पीत राहावं. पालकांनो, आजी-आजोबा नातवाला भेटायला जाणार असतील तर त्यांना हे मुद्दाम सांगा. फार वेळ न हलता बसल्यानं पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. "लोकांच्या अंगावरून कशाला जायचं" म्हणून ते उठतच नाहीत.

पण खिडकीशी जागा मिळाली तर सगळा शीण भरून निघतो. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेलं विमान पश्चिमेकडे, म्हणजे सूर्य जातो त्याच दिशेनं पळतं. त्यामुळे रात्र संपता संपत नाही! ताई झोपून उठते, तरी बाहेर अंधारच. खाली कुठल्या तरी गावाचे दिवे, समोरच्या पडद्यावर नकाशात सरकणारं इवलंसं विमान. हे बघत बसण्यात वेळ मस्त जातो.

उतरल्यावर खरा घोटाळा. अंतरवालीत सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे नऊ असतात. मेंदूतलं घड्याळ अजून गावचंच! ते दिवसाला साधारण तासभरच सरकतं. म्हणून आठवडाभर भरदुपारी डोळे मिटतात आणि पहाटे तीनला भूक लागते. याला म्हणतात जेट लॅग. तिथल्या उन्हात हिंडणं, हा त्यावरचा चांगला उपाय.

आता एक कोडं. आनंदीबाई जोशींना जेट लॅग का झाला नाही?

कल्याणची आनंदी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीनं निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. म्हणजे ५८ दिवस! घड्याळातला फरक पावणेअकरा तासांचा. तो रोज दहा-अकरा मिनिटं असा हळूहळू कापला गेला. झोपेला पत्ताच लागला नाही.

पण बाकीचं काही सोपं नव्हतं. वय नुकतंच अठरा पूर्ण. नवरा, गोपाळराव, इथंच राहिलेले. सोबत परदेशी बायकांची. आपला आहार आणि पोशाख सोडायचा नाही असा तिचा निश्चय, आणि बोटीवरचा स्वयंपाक गोऱ्या प्रवाशांच्या आवडीचा. तिच्या ताटात काय पडत असेल ते तुम्हीच ताडा. घरी पत्र पाठवलं तर पोचायला कित्येक आठवडे. आपली ताई उतरल्या उतरल्या आजीला फोन लावते. आनंदीला ते सुख नव्हतं.

न्यूयॉर्कला तिला घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या असताना एका मासिकात त्यांनी आनंदीच्या शिक्षणाच्या इच्छेबद्दल वाचलं आणि मग पत्रं सुरू झाली. न पाहिलेल्या मुलीला त्यांनी घरच्यासारखं सांभाळलं.

योगायोग बघा, त्याच १८८३ च्या एप्रिलमध्ये पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला होता, त्यामुळे आफ्रिकेला वळसा घालावा लागला नाही. त्यांचं 'इंग्लंडचा प्रवास' हे छोटं पुस्तक त्याच वर्षी निघालं. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीला डॉक्टरची पदवी मिळाली, तेव्हा टाळ्या वाजवायला रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून आल्या होत्या.

तोपर्यंत आनंदीची तब्येत ढासळली होती. क्षयानं पोखरलेल्या शरीरानं तिनं परतीचा बोटीचा प्रवास केला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली. बावीसही पुरी झाली नव्हती. तिची रक्षा पुन्हा बोटीनं अमेरिकेला, कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे.