टक्के म्हणजे गरज नव्हे

धाराशिव जिल्ह्यात दिव्यांग प्रमाणपत्राचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: “चाळीसच्या आत टक्के आले, म्हणजे सरकारच्या लेखी तो दिव्यांगच नाही.” पारावर म्हणतात, सेतू केंद्रात म्हणतात, आणि ज्यांनी कायदा वाचलेला असायला हवा तेही म्हणतात. हे साफ चूक आहे. या चुकीपायी कितीतरी माणसं अर्जच करत नाहीत, म्हणून ती सहन होत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या टक्क्यांत केलेलीच नाही. शरीर, मन, बुद्धी किंवा ज्ञानेंद्रियं यांतली दीर्घकाळची उणीव आणि तिच्या जोडीला बाहेरचे अडथळे, यांमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीनं समाजात वावरता येत नाही, तो दिव्यांग. 40 चा आकडा त्याच कायद्यात वेगळ्या कामासाठी येतो: सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण आणि काही योजना. भेदभावापासून संरक्षण, वाजवी सोयी, शाळेत सगळ्यांबरोबर शिकणं, हे हक्क 40 वर अडत नाहीत. 2024 च्या सुधारित नियमांनुसार तर 40 च्या आतल्यांसाठी पांढरं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ठरलेलं आहे. 40 पासून 80 च्या आत पिवळं, 80 आणि त्यावर निळं. दिव्यांगच नसता, तर सरकारनं त्याला कार्ड कशाला दिलं असतं?

तरीही शंका असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 11 फेब्रुवारी 2021 चा ‘विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग’ हा निकाल पाहावा. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला आयोगानं लेखनिक नाकारला होता. लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही, असं न्यायालयानं स्पष्ट सांगितलं.

या समजाच्या मुळाशी आणखी एक समज आहे: टक्के जास्त तर गरज जास्त, टक्के कमी तर गरज कमी. डॉक्टर टक्के काढतात ते शरीराच्या हानीचे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असला तर 30 टक्के होतात. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याला कदाचित तेवढ्यावर निभावून नेता येईल. पण भूम, वाशी, परंड्याकडून कोयत्यावर जाणाऱ्या बाईचं काय? एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो. पाचटात उभं राहून ऊस तोडताना तो चुकला की घाव पायावर. प्रमाणपत्रावर दोघांचे आकडे सारखेच असतात. घर रस्त्याला आहे की वस्तीवर, एसटी दारात येते का, आंघोळीला हात द्यायला घरात कुणी आहे का, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं.

गरज मोजण्याची वाट कायद्यात आहे, ती लोकांना सांगितली जात नाही. कलम 38 वाचा. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ज्या माणसाला वाटतं की आपल्याला रोजच्या व्यवहारासाठी मोठ्या मदतीची गरज आहे, तो तसा अर्ज करू शकतो. त्याच्या वतीनं दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही करू शकते. मग मूल्यांकन मंडळानं गरज तपासायची आणि मदत कोणती, किती, हे सुचवायचं. इथंही 40 ची चौकट आहेच, आणि ती मला खटकते: ऊसतोडीला जाणारी ती बाई या दारापर्यंतही पोचत नाही. पण चौकटीच्या आत 45 वाल्याची गरज 85 वाल्यापेक्षा जास्त निघू शकते, हे कायद्यानं मान्य केलंय.

आता बाकीचे समज.

“निराधारचा पगार 80 टक्क्यांशिवाय नाही.” 80 ची अट केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला आहे, तीही दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेला 40 पुरतात, उत्पन्नाची अट मात्र आहे. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिना 2,500 रुपये ठरलेत.

“दोन अपंगत्वं असली की टक्क्यांची बेरीज.” सरळ बेरीज होत नाही, 30 आणि 30 मिळून सूत्रानं 50 होतात.

“कायमचं प्रमाणपत्रही दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं.” मुदत असते ती तात्पुरत्या प्रमाणपत्राला. मात्र लोहारा-उमरग्याकडे 1993 च्या भूकंपानंतरचे हातानं लिहिलेले दाखले कुणी जपून ठेवले असतील, तर त्यांनी यूडीआयडी काढून घ्यावं.

“ग्रामपंचायतीकडे आपल्यासाठी काही नसतं.” स्वउत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करणं तिला बंधनकारक आहे. ग्रामसभेत हिशेब मागा.

“पैसे दिले की टक्के वाढतात.” असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या मार्गानं लाभ घेणाऱ्याला कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. टक्के खरोखर कमी लागले असतील तर कलम 59 खाली अपील करता येतं, आणि त्यासाठी मध्यस्थ लागत नाही.