नावे कोरणारा स्तंभ आणि नावे विसरणारे आपण
लढाई एका दिवसात संपते, पण तिच्या आठवणीची लढाई पिढ्यान्‌पिढ्या चालते. पहिल्या लढाईत कोण जिंकले हे तलवार ठरवते. दुसरीत कोण जिंकले हे ठरते ते कोणाचे नाव उरले आणि कोणाचे मातीत गेले यावर. आम्हा वसईकरांना हे कळायला जाडजूड ग्रंथ लागत नाहीत. आमच्या उशाशीच किल्ला आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पाच्या फौजेने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. मराठ्यांचे पाच हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले, असे ग्रँट डफ लिहितो. या विजयाची आठवण कशी राहिली? किल्ल्यात सेनापतीचा पुतळा आहे. सेनापतीचा नवस वज्रेश्वरीच्या मंदिरात आहे. चर्चमधून उतरवलेली पोर्तुगीज घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. पण तटाखाली सुरुंग पेरताना जो मेला, शिडी लावताना जो कोसळला, तो कोण होता? कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा? घंटेचा ठावठिकाणा सगळ्यांना ठाऊक आहे, शिपायाचा कोणालाच नाही. आणि ज्यांच्या चर्चवरून घंटा उतरल्या त्यांचे वंशज आज गासमध्ये आपले शेजारी आहेत. त्यांना विजयोत्सव कसा वाटत असेल, हेही कोणी विचारत नाही.

आता भीमा कोरेगावकडे वळू. १ जानेवारी १८१८ रोजी शिरूरहून पुण्याकडे निघालेली कॅप्टन स्टाँटनची सुमारे आठशे माणसांची तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाची फौज तिथे समोरासमोर आली. तुकडी दिवसभर उपाशीतापाशी, पाण्याविना लढली. तिचे २७५ लोक मारले गेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. पेशव्याची फौज गाव न घेताच रात्री निघून गेली.

कंपनी सरकारने १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी केली ती आपल्या गौरवासाठी, अस्पृश्यांच्या उद्धारासाठी नव्हे. पण त्या दगडावर एक गोष्ट घडली, जी वसईत घडली नाही. मेलेल्या साध्या शिपायांची नावे कोरली गेली. ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार होते. शेजारी मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. ज्यांची सावलीही चालत नव्हती त्यांचे नाव इतरांच्या ओळीत, त्याच अक्षरांत आले.

पण त्याच ब्रिटिशांनी १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली. रक्त चालले, नोकरी चालली नाही. तेव्हा हा स्तंभ आपल्या पूर्वजांनी पुरावा म्हणून पुढे केला. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी चळवळ उभी केली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला गेले. तारखा लक्षात घ्या. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २० मार्चला, चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले गेले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. स्तंभापुढची मानवंदना तळ्याच्या पायरीपर्यंत चालत गेली. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. इंग्रजांनी बांधलेला दगड आपला झाला तो असा, हक्क मागता मागता.

इथे आपल्याच माणसांना एक गोष्ट सांगणे भाग आहे. 'पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापून काढले' ही घोषणा दरवर्षी ऐकू येते. घोषणा म्हणून ती अंगात वीज भरते, पण साक्ष म्हणून ती टिकत नाही. तुकडीत महारांबरोबर इतरही होते, म्हणून तर स्तंभावर त्यांची नावे आहेत. पेशव्याचा तळ अठ्ठावीस हजारांचा असला तरी गावावर चालून आले ते सुमारे दोन हजार, आणि त्यांत अरब व गोसावी होते. वकिली करणाऱ्याला रोजचा अनुभव आहे. ज्याची बाजू खरी असते तो साक्षीदार एक वाक्य वाढवून बोलतो आणि उलटतपासणीत त्याची सगळीच साक्ष संशयात येते. २०१८ मध्ये, दोनशेव्या वर्षी, कोरेगाव परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला, चौकशी आयोग बसला. तेव्हापासून आपल्या प्रत्येक वाक्याची उलटतपासणी चालू आहे. मग आपण वाढीव का बोलावे? २२ नावे दगडावर आहेत. ती कोणी खोडू शकत नाही. आपल्याला तेवढी पुरेत.

अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके, ही पेशवाईतली रीत बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवली आहे. कमरेचा झाडू गेला, पण हातातला गेला का? हाताने मैला काढण्यास मनाई करणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. तरीही माणसे गटारात उतरतात आणि मरतात. त्यांची नावे कोणत्या स्तंभावर आहेत? त्यांच्या विधवेचा अर्ज कोण लिहून देतो?

गासच्या जवळच्या भुईगावात १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. कलिंग जिंकून ज्याला पश्चात्ताप झाला, त्या राजाचे हे शब्द आपल्या मातीत पडून होते. त्यात तो सांगतो की लोक लग्नात, आजारपणात, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. दास आणि चाकर यांच्याशी नीट वागणे हे धम्माचे मंगल, आणि त्याचे फळ मोठे.

१ जानेवारीला कोरेगावला जरूर जावे, मानवंदना द्यावी, लेकराला बोट धरून ती २२ नावे वाचून दाखवावीत. पण आपल्या वस्तीतला कंत्राटी सफाई कामगार हातमोजे आणि पूर्ण पगार याविना २ जानेवारीला कामावर जाणार असेल, तर आपली मानवंदना अल्प फळाचा मंगलविधीच ठरेल. स्तंभाने मेलेल्यांची नावे राखली. जिवंत माणसांची नावे आपण विचारून घ्यावीत आणि त्यांचा अर्ज लिहायला बसावे.

जयभीम!