धाव

निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रांत कोणी ना कोणी ‘मोट’ बांधू लागतो. ती मोट म्हणजे गाठोडे. विहिरीवरची मोट निराळी. तरी आज तरुणांच्या कानावर हा शब्द पडतो तो बहुधा एवढाच. पाणी उपसणारी मोट पाहिलेली माणसे आता साठी-सत्तरी ओलांडून गेली आहेत.

ती होती कातड्याची मोठी पिशवी. वरच्या तोंडाला लोखंडी कडे आणि खाली हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती, उघडी नळी. सगळी करामत त्या सोंडेत होती. कड्याला बांधलेला जाड नाडा विहिरीच्या काठावरच्या उंच चाकावरून जाई. सोंडेला बांधलेला बारीक दोर खालच्या लाकडी रुळावरून येई. त्याला कुठे सोल म्हणतात, कुठे सोंदूर. दोन्ही दोर जाऊन मिळत बैलांच्या जुवाला. मोट भरून वर येताना बारीक दोर सोंड ताणून वरच्या बाजूला दुमडलेली ठेवी, त्यामुळे तळ उघडा असूनही पाणी सांडत नसे. काठाशी येताच सोंड रुळावरून पुढे ओढली जाऊन सरळ होई आणि सगळे पाणी आपोआप थारोळ्यात धबाधबा पडे. विहिरीच्या तोंडाशी दुसरा माणूस उभा करायला नको. एक मोटकरी आणि दोन बैल, एवढ्यावर काम भागे. एका खेपेला शंभर-दीडशे लिटर पाणी सहज येई. ना खिळा, ना स्प्रिंग, ना झडप. दोन दोरांच्या लांबीतला फरक, बस्स!

बैल ज्या उतारावरून चालत ती धाव. ओढताना बैल उताराला लागत, म्हणजे त्यांचे वजनही कामी येई. मोटकरी वर आणखी नाड्यावर बसून आपला भार घाली. मोट रिकामी झाली की बैल पाठमोरे, पाऊल मागे टाकत चढ चढत. नवख्या बैलाला हे मागे चालणे शिकवायला दिवस लागत. धाव बहुधा विहिरीच्या खोलीइतकीच लांब. त्यामुळे जाणकार माणूस आत न डोकावता, नुसती धाव पाहून विहीर किती खोल ते सांगे.

भल्या पहाटे चाक करकरू लागे. आवाजावरून कोणाच्या मळ्यात मोट धरली आहे ते ओळखता येई, असे जुनी माणसे सांगतात. मोटकऱ्याची गाणी त्या करकरीच्या तालावरच चालत. तिकडे पाटाच्या टोकाला घरातले कोणी तरी दारे धरून बसलेले. वाफा भरला की माती ओढून दार बंद करायचे, पुढचे मोडायचे. सावता माळ्याच्या अभंगात मोट-नाडा येतो तो असा रोजच्या हाताखालचा म्हणून.

हे यंत्र कारखान्यात नव्हे, गावात घडे. कातडे कमावणे आणि मोट शिवणे चर्मकारांकडे, नाडा वळणे मातंगांकडे, चाक सुताराकडे, कडे लोहाराकडे. मोबदला सुगीला, खळ्यावर, धान्यात. गावगाड्याच्या आठवणी काढणारे इथे गहिवरतात. मला मात्र दुसरेच आठवते: ज्यांनी मोट शिवली आणि नाडा वळला, त्यांनाच गावच्या पाणवठ्याला शिवायची बंदी होती. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना इतिहासात नोंदवावी लागली यातच सगळे आले.

मोटेचा थाट पाहायचा असेल तर साताऱ्याजवळच्या लिंब गावी जावे. वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधलेली तिथली बारा मोटेची विहीर अष्टकोनी आहे, आत छोटासा महाल आहे. नाव बाराचे, पण जागा पंधरा मोटांची. अशा विहिरीवर एका वेळी दोन डझन बैल उताराला लागले असतील तेव्हाचा गलका मनात आणून पाहावा. साध्या शेतकऱ्याची विहीर मात्र एका नाहीतर दोन मोटांची. बैलजोडीही स्वतःची असेलच असे नाही. मग शेजाऱ्याचा एक बैल आणि आपला एक, अशी सावड.

आधी कातड्याच्या जागी पत्रा आला. मग इंजिन. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीत नांगरांपाठोपाठ पंपही होऊ लागले, आणि 1946 पासून पुण्यात किर्लोस्करांची ऑइल इंजिने. 1960 मध्ये वीज मंडळ स्थापन झाले, खांब मळ्यांपर्यंत पोचले. 1972 च्या दुष्काळानंतर विहिरी आणखी खोल गेल्या, पुढे बोअर आले. बैलांची पाठ आणि शेतकऱ्याची कंबर सुटली, यात शंकाच नाही. दिवसभर मागे-पुढे चालून जे भिजायचे ते पाच अश्वशक्तीची मोटार जेवण होईस्तोवर भिजवते. ज्याने मोट हाकली आहे तो तिच्यासाठी रडत नाही. रडतो तो बहुधा शहरात राहून आठवणी लिहिणारा.

तरी एक हिशेब मोटेबरोबर गेला. बैल दुपारी सोडावेच लागत. ते सावलीत रवंथ करीत तेवढ्या वेळात झरे विहीर पुन्हा भरत. शिवाय धाव किती लांबवणार? पाणी फारच खाली गेले की मोट हात टेके. मोटारीला ना विसावा लागतो, ना खोलीची भीती. पाइप आणखी सोडला की झाले. शेजाऱ्याने तीनशे फूट बोअर मारला की आपण चारशे.

आणि विजेचे वेळापत्रक बैलांपेक्षा लहरी निघाले. थ्री-फेज रात्री येते म्हणून थंडीत, बॅटरी घेऊन, बिबट्याची धास्ती बाळगत दारे धरायला जाणारा शेतकरी मोटेच्या काळात नव्हता. आता सौर कृषिपंप येत आहेत. त्यांची मोटार ऊन असेतोवर चालते, सूर्य कलला की मंदावते आणि अंधारात गप्प होते. पाणी पुन्हा दिवसाउजेडी धरता येते.

कित्येक मळ्यांत जुनी धाव अजून दिसते. काठावरच्या दगडांवर दोरांनी पाडलेल्या खाचा आहेत, थारोळ्यात गवत माजले आहे. उतार मात्र कशालाच सोयीचा नाही. पॅनेलचे खांब रोवायचे म्हणून एखाद्या ठिकाणी तो मुरूम टाकून सपाट करून घेतात.