बाणकोट ते ‘ख्रिस्तायन’

ख्रिस्ती श्रद्धा मराठी घरात रोजचा आधार कधी झाली, याचा मागोवा रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बाणकोटच्या खाडीपासून घ्यावा लागतो. 1823 साली स्कॉटिश मिशनरी तिथे उतरले. पुढे हर्णैला त्यांनी ठाणे केले, आसपास शाळा काढल्या. काही वर्षांत या कामाचा भर मुंबई-पुण्याकडे सरकला आणि ख्रिस्ती धर्म मराठी माणसाला मुख्यतः शाळेत, छापील पत्रकात नि वादसभेत भेटत राहिला. वादात हरलेला माणूस गप्प बसेल, पण पहाटे उठून दिवसाला सामोरे जाण्याचे बळ त्यातून येत नाही. त्याला सवयीने ओठांवर येणारे, घरातल्या भाषेचे शब्द लागतात.

ते शब्द याच जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी दिले. फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी तुकोबांचे बोट सोडले नाही. प्रार्थनेसाठी त्यांनी अभंग घेतला, उपदेशासाठी कीर्तन घेतले. ‘अभंगांजली’तला ख्रिस्त मायबाप आहे, सखा आहे, गुरू आहे, हरिपाठ ज्या कानांनी ऐकला त्याच कानांना तो ओळखीचा वाटतो. यावर जुना आक्षेप असा, की हा नुसता साज आहे, धर्मांतराची युक्ती आहे. ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणाऱ्या फादर स्टीफन्सबद्दलही ही शंका घेता येईल, कारण ते 1616 सालचे काम परदेशातून आलेल्या धर्मगुरूचे होते. टिळकांची गोष्ट वेगळी. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त जीवन पत्करले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. माणसे मोजायची असती, तर ही जागा त्यांनी ठेवली नसती.

याहून जड आक्षेप टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वतीने घेता येतो. पतीच्या श्रद्धेची किंमत त्यांनी त्याच्या बाप्तिस्म्यानंतरच्या ताटातुटीच्या वर्षांत मोजली, आणि त्या दुःखाचे समर्थन करता येणार नाही, करूही नये. पण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातच दिसते, की पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी पतीचा धर्म आयता उचलला नाही. सोवळेओवळे, पाण्याचा विटाळ, जातीची भीती हे एकेक करून, स्वतः विचार करून सुटले, तेव्हा कुठे 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा रोजच्या चुलीपाण्यात कशी मुरते, याचा इतका प्रामाणिक पुरावा मराठीत दुसरा नाही, असे माझे मत आहे.

9 मे 1919 रोजी टिळक गेले तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राचा अकरावा अध्याय अर्धवट होता. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे 64 अध्याय लिहिले. शोकाचा एखादा उमाळा एवढे काम पुरे करत नाही. त्याला रोज बसण्याची शक्ती लागते, आणि ती कुठून आली हे त्या ओव्याच सांगतात. 1936 साली त्याही गेल्या, शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहिला आणि 1938 साली ग्रंथ छापला गेला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचनालयांनी ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी ‘अभंगांजली’ आणि ‘ख्रिस्तायन’ही ठेवावीत, आणि वाचकांनी ती मागून घ्यावीत.