टायरची हवा गेजने कधी आणि कशी मोजायची?

बोईसरहून चिल्हार फाटा किंवा पालघरहून मनोर गाठायचं आणि महामार्गावरच्या पंपावर हवा तपासायची, असं अनेकजण करतात. पण तोवर टायर तापलेले असतात. आतली हवा 5-6 अंश सेल्सिअसने तापली, की कारच्या टायरचा दाब साधारण 1 पीएसआयने वाढतो. हा वाढलेला आकडा पाहून हवा काढली, तर टायर थंड झाल्यावर दाब कमी पडतो. कमी हवेचा टायर वेगात आणखी तापतो आणि फुटू शकतो.

म्हणून स्वतःचा गेज ठेवा. गाडी किमान 3 तास उभी असताना, घरीच हवा मोजा.

कोणता गेज घ्यावा? कारला साधारण 30 ते 35 पीएसआय हवा लागते, त्यामुळे 60 पर्यंतचा डायल गेज पुरतो. तारापूर एमआयडीसीत फिरणाऱ्या ट्रकना 100 च्या आसपास लागते, तिथे हा गेज चालत नाही.

कसा वापरावा? व्हॉल्व्हचं टोपण काढा, गेज सरळ दाबा, हवेचा आवाज थांबला की आकडा वाचा. दोनदा मोजा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. स्टेपनीही तपासा.