कालव्याच्या कडेने सायकल : हायवे टाळणारा रूट फोनवर कसा शोधायचा?

सायकल घेतली, हेल्मेट घेतलं, फोनला होल्डर बसवला आणि पहिल्याच रविवारी मॅपने सरळ हायवेवर नेऊन सोडलं, असं तुमच्यासोबत झालंय का? हिंगणघाटमध्ये राहणाऱ्यांना हा अनुभव नक्की येतो. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ (जुन्या लोकांसाठी अजूनही ७ नंबर) इथूनच जातो. शेजारून कंटेनर गेला की हवेच्या झोताने सायकल हलते. तिथे सायकल चालवण्यात मजा नाही आणि जिवाला धोका आहे.

मी एकदा शहाणपणा केला. ॲपमध्ये 'हायवे टाळा' हा पर्याय निवडला आणि निघालो. जुलै महिना होता. आठ-दहा किलोमीटर मस्त डांबरी रस्ता, मग गिट्टी, मग काळी माती. शेवटी एका नाल्यापाशी रस्ताच संपला. स्क्रीनवरची निळी रेघ मात्र नाल्यावरून सरळ पलीकडे गेली होती! मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल इतका भरला की चाक फिरेना. वावरातून एक काका ओरडले, "काहून आला बापा इकून? हे पांदण हाय. पावसाळ्यात बैलबंडी बी जात नाही."

सायकल खांद्यावर घेऊन परत येताना एक गोष्ट कळली. नकाशाला रस्ता कुठे आहे ते माहीत असतं, पण तो कसा आहे ते माहीत असेलच असं नाही. हा फरक घरी बसून, फोनवर कसा ओळखायचा तेच आज बघूया.

फोन हायवेवरच का नेतो?

नेव्हिगेशन ॲप बहुतेक वेळा सर्वात कमी वेळाचा रस्ता शोधतं. गुगल मॅप्समध्ये भारतासाठी २०१७ मध्ये आलेला दुचाकी मोड आहे, पण तो मोटारसायकल-स्कूटरसाठी आहे. त्याला हायवेचं वावडं नाही. शिवाय गुगल मॅप्समध्ये एखादा भाग ऑफलाइन डाउनलोड केला तरी नेट नसताना फक्त वाहनाचं दिशादर्शन मिळतं, सायकलचं किंवा पायी जायचं नाही.

म्हणून सायकलसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ॲप्स जास्त कामाची. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे २००४ मध्ये सुरू झालेला, विकिपीडियासारखा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ओएसएमअँड ही दोन ॲप्स तोच नकाशा वापरतात. दोन्हींत नकाशा एकदा डाउनलोड केला की नेटशिवाय सायकलचा रूट मिळतो. या नकाशात नुसती रेघ नसते. रस्ता डांबरी आहे की मातीचा, शेतात जाणारी वाट असेल तर ती किती पक्की, ही माहिती टाकायची सोय असते. वाटेला १ ते ५ अशी ग्रेड देतात. १ म्हणजे पक्की, ५ म्हणजे नुसती माती-गवत. अर्थात, कुणीतरी ती माहिती भरली असेल तरच ती दिसते. भरली नसेल तर ॲप अंदाज बांधतं, आणि मग काका ओरडतात.

कालव्याचा रस्ता सपाट का असतो?

आता मुख्य मुद्दा. गावाकडचे शांत रस्ते बरेच आहेत, पण सायकलसाठी सगळ्यात भारी म्हणजे कालव्याच्या कडेचा रस्ता. आपल्याकडे कुणी नहर म्हणतं, कुणी कॅनॉल. हिंगणघाट-समुद्रपूर भागात पोथरा आणि लाल नाला, सेलूकडे बोर, आर्वीकडे निम्न वर्धा असे प्रकल्प जिल्ह्यात आहेत.

धरणाचं पाणी पंपाशिवाय, स्वतःच्या वजनाने शेतापर्यंत पोहोचवायचं असतं. उतार जास्त दिला तर पाणी जोरात जाऊन काठ खरवडतं, कमी दिला तर गाळ साचतो. म्हणून उतार अगदी मोजून देतात. मुख्य कालव्याला १:५००० उतार असेल तर एका किलोमीटरला फक्त २० सेंटिमीटर, म्हणजे २० किलोमीटरला जेमतेम ४ मीटर. हा उतार सांभाळण्यासाठी कालवा टेकडी ओलांडत नाही, तर तिला वळसा घालतो. त्यामुळे त्याच्या काठावरचा रस्ता वळणावळणाचा पण जवळजवळ सपाट असतो. गिअर नसलेल्या सायकललाही चालतो.

युरोपमध्येही कालव्याकाठी सायकल चालवणं खूप लोकप्रिय आहे. फ्रान्सचा कॅनाल द्यु मिदी १६८१ मध्ये सुरू झाला. त्याच्या काठची वाट घोड्यांनी नावा ओढण्यासाठी होती, म्हणून ती सलग आहे. आपले कालवे शेतीसाठी आहेत. १८८५ चा नीरा डावा कालवा घ्या किंवा आपल्या जिल्ह्यातले अलीकडचे कालवे, काठावरचा रस्ता पाणी सोडणाऱ्या आणि दुरुस्ती करणाऱ्या लोकांसाठी केलेला असतो. त्यामुळे तो मध्येच तुटू शकतो. कुठे तुटतो, ते पुढे येतंच.

आणि हो, ॲपने कालव्याच्या रूटवर १०० मीटर चढ दाखवला तर घाबरू नका. अनेक ॲप्समधली उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने केलेल्या ११ दिवसांच्या मोजणीवर आधारलेली आहे. त्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळते. झाडाचा शेंडा, कालव्याचा भराव सगळं त्यात मिसळतं, आणि त्यानंतर खोदलेला कालवा तर त्यात नसतोच. प्रत्येक ठिकाणची काही मीटरची चूक बेरजेत जाते आणि खोटा चढ तयार होतो.

सॅटेलाइट फोटोत काय बघायचं?

गुगल मॅप्स किंवा गुगल अर्थमध्ये सॅटेलाइट व्ह्यू चालू करा आणि चार गोष्टी बघा.

१. एका बाजूला हिरवं, दुसऱ्या बाजूला कोरडं. कालव्याचं पाणी फक्त खालच्या अंगाला जातं. त्यामुळे रब्बीतल्या फोटोत कालव्याच्या एका बाजूला गहू-चण्याची हिरवी पट्टी आणि वरच्या बाजूला कोरडं रान दिसतं. वरच्या बाजूला विहिरी असतील तर तिथेही हिरवे तुकडे असतात, पण फरक सहसा कळतो. नदी-नाल्याचं असं नसतं.

२. काठावरची फिकी रेघ. दोन्ही काठ सारखे नसतात. ज्या काठावर रुंद, फिकट पट्टा सलग दिसतो तो वापरातला रस्ता. दुसरा काठ अरुंद आणि झुडपांनी भरलेला असतो.

३. रुंदी. मुख्य कालव्यातून वितरिका निघतात, त्यांच्यातून लघुकालवे आणि शेवटी पाटचाऱ्या. जितकं खाली जाल तितकी वाट खराब. सायकलसाठी मुख्य कालवा किंवा मोठी वितरिका निवडा.

४. नाला ओलांडण्याची जागा. हे सगळ्यात महत्त्वाचं. नाला आडवा आला की कालवा जलसेतूवरून पलीकडे जातो, पण रस्त्याला पूल असेलच असं नाही. तिथे रस्ता नाल्यात उतरतो किंवा संपतो. रूटवरच्या प्रत्येक नाल्यापाशी झूम करा आणि पलीकडे फिकी रेघ पुन्हा सुरू होते का ते बघा. माझी फजिती याच एका गोष्टीमुळे झाली होती. जलसेतूच्या कठड्यावरून सायकल ढकलत नेण्याचं धाडस अजिबात करू नका.

फोटोची तारीखही बघा. गुगल अर्थमध्ये ती दिसते. उन्हाळ्यातल्या फोटोत पांदण रस्ता मस्त दिसतो, पावसाळ्यात तोच चिखल असतो.

रूट कसा तयार करायचा?

तयार रूटची यादी मी मुद्दाम देत नाहीये, कारण एका पावसात यादी शिळी होते. पद्धत शिकलात तर कुठल्याही गावात चालेल.

- वाय-फायवर असताना ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँडमध्ये आपल्या भागाचा नकाशा डाउनलोड करा.
- आधी डांबरी गावरस्ते निवडा. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेमुळे बऱ्याच गावांना पक्का रस्ता मिळाला आहे. कालव्याचा तुकडा त्याला मध्येच जोडा.
- सायकल मोड निवडून गावागावांचे थांबे टाका, म्हणजे ॲप परत हायवेकडे पळणार नाही.
- हायवे कुठे ओलांडावा लागतो ते बघा. शक्यतो अंडरपास किंवा पूल असलेली जागा निवडा.
- दर पाच-सात किलोमीटरला डांबरी रस्त्यावर परत येता येईल अशी 'सुटकेची वाट' ठेवा.
- शेवटी त्या गावातल्या एखाद्या मित्राला फोन करा. "नहरीच्या रस्त्याने सायकल जाते का?" हा प्रश्न कुठल्याही ॲपपेक्षा भारी आहे.

पहिली राइड १५-२० किलोमीटरचीच ठेवा. हवा आला तर मग गिरडची टेकडी आहे, हळदीसाठी २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळवणारं वायगाव आहे.

नेटवर्क गेलं तर?

बऱ्याच जणांना वाटतं की नेट गेलं की जीपीएस पण गेलं. असं नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून सतत सिग्नल पाठवतात आणि फोन तो फक्त ऐकतो. सिग्नल यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. चार उपग्रहांची अंतरं मिळाली की तुमची जागा ठरते. वेळेत एक मायक्रोसेकंद चूक झाली तर अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो, इतकं ते बारीक काम आहे. मोकळ्या शेतात, साध्या फोनवरही साधारण ५ मीटरपर्यंत अचूकता मिळते. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला, आणि ते तर तुम्ही आधीच डाउनलोड केलंय.

इथे हिंगणघाटकरांनी कॉलर ताठ करावी अशी एक गोष्ट. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टनने भारत मोजायला सुरुवात केली. जमिनीवर सुमारे १२ किलोमीटरची रेषा साखळीने मोजायची, मग तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या ठिकाणचा कोन घ्यायचा आणि अशा त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे न्यायची. कोन मोजायचं त्याचं यंत्र जवळपास अर्ध्या टनाचं होतं. ही साखळी पुढे नेत असताना २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा मृत्यू झाला, तो हिंगणघाटमध्ये. त्याची कबर इथेच आहे. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेलं, ज्याचं नाव शिखराला मिळालं. लॅम्ब्टन कोन मोजायचा, तुमचा फोन अंतरं मोजतो. दोघांचा प्रश्न एकच : मी नक्की कुठे आहे?

बॅटरी कशी वाचवायची?

सर्वात जास्त बॅटरी स्क्रीन खाते. म्हणून स्क्रीन बंद ठेवा, आवाजी सूचना चालू ठेवा. टॉवर दूर असला की फोन सिग्नलसाठी जास्त ताकद लावतो, त्यामुळे सुनसान भागात एअरप्लेन मोड लावला तरी चालतो, बहुतेक फोनमध्ये जीपीएस सुरूच राहतं. पण एकटे असाल तर हे करू नका. निघताना घरच्यांना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवा, ते जास्तीत जास्त ८ तास चालतं. गडबड झाली तर ११२ लक्षात ठेवा.

निघण्याआधी हे वाचाच

- काँक्रीटचं अस्तर असलेल्या कालव्यात पडलं तर बाहेर येणं फार कठीण असतं. बाजू तिरप्या आणि शेवाळाने गुळगुळीत असतात, पाण्याला ओढ असते. पोहता येणाऱ्यालाही पकड मिळत नाही. पाण्याच्या कडेने नाही, आतल्या बाजूने चालवा. पाय धुवायला, सेल्फीला उतरू नका. कुणी पडलंच तर उडी न मारता दोरी, गमछा किंवा लांब फांदी टाका.
- आवर्तन सुरू असताना पाणी भरून वाहतं. आज कोरडा दिसणारा कालवा उद्या भरलेला असू शकतो.
- हा रस्ता जलसंपदा विभागाचा असतो. प्रवेशबंदीचा फलक किंवा बंद फाटक दिसलं तर परत फिरा.
- बाभळीचे काटे आणि सराटे टायरचे शत्रू. जादा ट्यूब आणि पंप हवाच.
- ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. उन्हाळ्यात विदर्भाचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. उन्ह चढायच्या आत घरी या.
- रस्त्यावर सोयाबीन वाळत असेल तर उतरून बाजूने जा. ते कुणाच्या तरी वर्षाची कमाई आहे.

परत आल्यावर दोन मिनिटं द्या

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं मोफत ॲप आहे. ते तुम्ही उभे असाल तिथले सोपे प्रश्न विचारतं : हा रस्ता डांबरी आहे की मातीचा? तुम्ही उत्तर दिलं की ते ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जातं आणि पुढच्या सायकलवाल्याला दिसतं. फक्त स्वतः पाहिलेलंच भरा, दुसऱ्या नकाशातून कॉपी करू नका. एखादा पूल नाहीच असं दिसलं तर त्या जागी टीप टाकायची सोयही त्यात आहे.

मी त्या नाल्यापाशी दिवाळीनंतर पुन्हा गेलो, या वेळी कोरड्या मातीवरून. फोन काढला, टीप टाकली : इथे पूल नाही, पावसाळ्यात रस्ता बंद. दोन मिनिटांचं काम, पण त्यामुळे पुढच्या जुलैत एखाद्याची सायकल खांद्यावर येणार नाही.

तुमच्या गावाजवळ असा कालव्याचा किंवा शांत रस्ता आहे का? येत्या रविवारी जाऊन या आणि त्याची माहिती नकाशात भरा.